सूर बंदरातली पाटी

ओमानचा नकाशा मी चौतीस वर्षांच्या नोकरीत दरवर्षी फळ्यावर काढला. अरबी द्वीपकल्पाचा तो आग्नेय कोपरा, मस्कतचा ठिपका आणि अरबी समुद्रातून येणारे वाऱ्यांचे बाण. सूर हे बंदर मात्र त्या नकाशात मी कधीही दाखवले नाही, कारण परीक्षेत ते विचारले जात नसे. २०१६ च्या नोव्हेंबरात मी त्याच सूरमध्ये सहा दिवस एका साध्या हॉटेलात राहून आलो. ज्यांचे तिकडे जाणे झालेले नाही त्यांच्यासाठी ही हकिकत क्रमाने लिहीत आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या प्रवासात मी जितके पाहिले त्याहून अधिक एका सहकाऱ्याचा हेवा केला. तो भाग गाळला तर उरलेले वर्णन खरे राहणार नाही.

जाण्याचे कारण असे. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी, विजय परब, सूरमध्ये चोवीस खोल्यांच्या एका हॉटेलाचा व्यवस्थापक आहे. मालक ओमानी, त्यांना सारे जण अर्बाब म्हणतात, म्हणजे धनी. विजयने शाळेला वाचनालयाची खोली बांधून दिली आणि तिला आपल्या एका शिक्षकाचे नाव द्यायचे ठरवले. कोणत्या शिक्षकाचे, ते त्याने सांगितले नाही. "तुम्ही दोघं सर इकडे या, मग सांगतो," एवढेच फोनवर म्हणाला. दोघांपैकी एक मी, नारायण गद्रे. भूगोल शिकवला, आणि तीन वर्षे विजयचा वर्गशिक्षक होतो. दुसरे बाळकृष्ण मेस्त्री. ते कार्यानुभव शिकवीत, म्हणजे मुलांकडून सुतारकाम करून घेत.

खोलीवर कोणाचे नाव लागणार याविषयी मला शंका नव्हती. वडिलांचे नाव पूर्ण लिहावे की नुसते आद्याक्षर, एवढाच प्रश्न मला विमानात पडला होता.

हॉटेल

मस्कतहून सूर सुमारे दोनशे किलोमीटर आहे. रस्ता उजवीकडे उघडे तपकिरी डोंगर आणि डावीकडे समुद्र धरून जातो. विजय गाडी चालवत होता. मेस्त्री पुढे बसले होते, कारण त्यांना मागे बसले की मळमळते. मला कुठेही बसले तरी मळमळत नाही, म्हणून मी मागे.

या दोन तासांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. विजय माझ्याशी बोलताना पुस्तकातल्यासारखे मराठी बोलत होता: "सर, आपला प्रवास सुखाचा झाला ना?" मेस्त्रींकडे वळला की तोच विजय मालवणीत शिरे: "काय ओ मेस्त्री सर, गुडघे काय म्हणतत?" आणि दोघे हसत. गुडघ्यांत हसण्यासारखे काय होते, ते मला समजले नाही.

हॉटेल तीन मजली, बाहेरून पांढरे, खाडीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर. खोल्या लहान पण स्वच्छ. छताच्या कोपऱ्यात एक हिरवा बाण चिकटवलेला असतो. तो मक्केची दिशा दाखवतो. माझ्या खिशात होकायंत्र होते, त्यावरून पाहिले तर बाण अगदी योग्य लावलेला होता. खणात नमाजाची सतरंजी घडी घालून ठेवलेली. चहाची किटली, दोन पेले, साखरेच्या पुड्या. मला दुसऱ्या मजल्यावरची खोली क्रमांक २०३ मिळाली. खिडकीतून समोरच्या लाँड्रीची पाटी आणि वाळत घातलेल्या चादरी दिसत. मेस्त्रींना २०७ मिळाली. तिला दोन खाटा होत्या आणि खिडकीतून अख्खी खाडी दिसत होती.

"त्यांना होड्या बघायला आवडतात, सर," विजय मला म्हणाला.

समुद्र हा माझा विषय आहे.

सकाळच्या न्याहारीला शिजवलेले वाल, त्यांवर लिंबू आणि जिरे, सोबत खबूस नावाची पातळ रोटी, ऑलिव्ह आणि चीजचे तिकोनी तुकडे असत. वाल आपल्यासारखेच, पण गुळाशिवाय. पहिल्या घासाला काहीतरी विसरल्यासारखे वाटते आणि तिसऱ्या घासाला आवडतात. रात्री जेवायला विजय स्वतः बसायचा. मी शाकाहारी. माझ्यासाठी केरळी खानावळीतून परोठे आणि डाळ येई, ती उत्तम असे. मेस्त्रींसाठी मात्र सुरमई यायची, आणि तुकडी कोणती, शेपटीकडची की मधली, यावर दोघांची चर्चा चालायची. पहिल्या रात्री मी मोजले. एका जेवणात विजयने "मेस्त्री सर" अकरा वेळा म्हटले आणि "गद्रे सर" चार वेळा. त्या चारांपैकी एकदा मीठ मागण्यासाठी.

गलबतांचा कारखाना

सूरविषयी थोडी माहिती येथे द्यावीशी वाटते. हे शहर आणि कोलकाता जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. अरबस्तानात सूर्य सर्वांत आधी ज्या किनाऱ्यावर उगवतो तो येथून जवळच आहे. समुद्राने येथे जमिनीत शिरून खाडी केली आहे. तिला खोर म्हणतात. पलीकडच्या काठावर पांढऱ्या घरांची वस्ती आणि दीपगृह, मध्ये झुलता पूल, खडकांवर टेहळणीचे बुरूज. येथली गलबते एकेकाळी वाऱ्यावर मलबारला, आपल्या किनाऱ्याला आणि आफ्रिकेला जात. ती बांधायला सागवान आपल्याकडून येत असे. जुन्या घरांचे कोरीव दरवाजे पाहताना मला वारंवार आमच्या गावचे बंदर आठवले. तेही एके काळी असेच गजबजलेले होते म्हणतात. आज तेथे गाळ आहे आणि दोन मोडके पडाव. सूरने आपला कारखाना निदान एक तरी चालू ठेवला आहे. एखाद्या गावाचाही हेवा वाटू शकतो, हे मला येथे कळले.

दुसऱ्या दिवशी विजयने आम्हांला त्या कारखान्यात नेले. एक मोठे गलबत लाकडी टेकूंवर उभे होते. काम करणारे सुतार सगळे केरळचे. त्यांच्यातले प्रमुख वयाने सत्तरीकडे झुकलेले होते. त्यांना सारे आशारी म्हणत, म्हणजे मल्याळममध्ये सुतार. मी त्यांना नैर्ऋत्य आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांची माहिती हिंदीतून सांगू लागलो: गलबते कोणत्या महिन्यात निघत, कोणत्या महिन्यात परतत आणि का. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

"सही बात है, साब," ते म्हणाले. "लेकिन अभी हवा का काम इंजिन करता है."

तोवर मेस्त्री गलबताच्या पोटाखाली वाकून गेले होते. तेथून त्यांचा आवाज आला, "विजू, हय बघ! आधी फळये लावल्यानी आणि मगे फासळे! नकाशो नाय, काय नाय!"

आशारी ताबडतोब तिकडे गेले. मेस्त्रींना मल्याळम येत नाही आणि हिंदीही बेताचीच. तरी अर्धा तास दोघे बोटांनी, वितीने आणि माना हलवून बोलत राहिले. निघताना आशारींनी मेस्त्रींच्या हातात एक पटाशी देऊन पाहिली आणि मेस्त्रींनी लाकडाच्या तुकड्यावरून काढलेली साल गुंडाळी होऊन खाली पडली. सुतारांनी एकसुरात "हां!" केले. त्यानंतर मेस्त्री रोज दुपारी एकटेच कारखान्यात जाऊ लागले. मला कोणी पटाशी दिली नाही. दिली असती तर मला धरता आली नसती, हेही नोंदवतो.

खाडीकाठ

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला एक छोटासा आनंद मिळाला. जवळच्या किनाऱ्यावरची कासवे पाहायला आलेले एक जर्मन जोडपे हॉटेलात उतरले होते. विजय त्यांना काउंटरवर पाऊस आणि वारे यांविषयी इंग्रजीत समजावून सांगत होता. जमीन लवकर तापते, हवा हलकी होऊन वर जाते, समुद्रावरची जड हवा तिची जागा घेते. क्रम माझा, उदाहरण माझे, "लक्षात घ्या" म्हणून थांबण्याची जागासुद्धा माझीच. मी जिन्यात उभा राहून शेवटपर्यंत ऐकले. नाव माझेच लागणार, हे माझ्या दृष्टीने त्या क्षणी सिद्ध झाले.

म्हणून त्याच संध्याकाळी विजय "सर, जरा फिरून येऊ" म्हणाला तेव्हा मी इस्त्रीचा सदरा घातला.

खाडीकाठच्या फरशीवर मुले फुटबॉल खेळत होती. राष्ट्रीय दिनाची सुट्टी जवळ आली होती आणि दिव्यांच्या खांबांवर लाल-पांढऱ्या-हिरव्या माळा चढवणे चालले होते. एका खांबाशी विजय थांबला.

"सर, एक काम होतं. तुमच्याशिवाय ते कोण करणार?"

"बोल."

"पाटीवरचा मजकूर तुम्ही लिहून द्या. तुमच्यासारखं शुद्ध आणि मोजकं दुसरं कोणी लिहीत नाही. मेस्त्री सरांबद्दल चार ओळी."

मी विचारले, "मेस्त्रींबद्दल?"

"हो सर. वाचनालय त्यांच्या नावाचं." मग तो घाईने, जणू उत्तरपत्रिकेत कारण द्यायचे राहिले होते तसा, सांगू लागला. "मी नववीत नापास झालो होतो, आठवतं तुम्हांला? शाळा सोडणार होतो. सरांनी मला वर्कशॉपमध्ये बसवलं. तेव्हा शाळेची पुस्तकांची कपाटं बनवायची होती, ती आम्ही मुलांनी बनवली. कप्प्याची उंची बरोबर आली का बघायला सरांनी माझ्या हातात एक पुस्तक दिलं. सर, परीक्षेसाठी नसलेलं पुस्तक मी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा धरलं. ते बसलं कप्प्यात. पण मी ते परत काढलं आणि घरी घेऊन गेलो."

विजयला नववीत भूगोलात बत्तीस गुण होते. उत्तीर्ण होण्यास पस्तीस लागत. ते गुण मीच दिले होते आणि ते योग्यच होते.

"त्यांना अजून माहीत नाही," विजय म्हणाला. "शेवटच्या दिवशी जेवताना सांगणार आहे. सर, तोपर्यंत प्लीज."

"माझ्याकडून कळणार नाही," मी वचन दिले.

खोली क्रमांक २०३

चौथ्या दिवशी जे घडले ते पूर्णपणे माझ्या सवयींमुळे. मी वसतिगृहात वाढलो आणि पुढे अनेक वर्षे वसतिगृह सांभाळले. सकाळी उठल्याबरोबर अंथरूण सुरकुती न ठेवता ताणायचे, ट्रंक खाटेखाली भिंतीपर्यंत सरकवायची, टॉवेल वाळवून आत ठेवायचा, बेसिन पुसायचे आणि किल्ली कार्यालयात द्यायची. हॉटेलातही मी तेच करत होतो. त्या दिवशी मजकुराचे शब्द डोक्यात घोळवत मी किल्ली काउंटरवर ठेवली आणि किल्ला पाहायला गेलो.

परतलो तो काउंटरवर दुसऱ्याच गिऱ्हाइकांची गर्दी. मी तसाच वर गेलो. २०३ चे दार उघडे होते आणि दाराशी लहानमोठ्या सात जोडी चपला होत्या. आत जमिनीवर चटई अंथरून एक ओमानी कुटुंब जेवायला बसले होते.

घरधनी उठले. मी हिंदीत म्हणालो, "माफ कीजिए, यह मेरा कमरा है."

ते हसून म्हणाले, "तफद्दल, तफद्दल! आओ, बैठो!" आणि माझा हात धरून मला माझ्याच खोलीत पाहुणा म्हणून बसवले.

ही मंडळी इब्री नावाच्या आतल्या गावाहून सुट्टीसाठी आली होती. त्यांनी खजूर पुढे केले आणि कान नसलेल्या लहान कपात वेलदोड्याची कॉफी ओतली. मी पिऊन कप पुढे ठेवला, त्यांनी पुन्हा भरला. असे सहा वेळा झाले. पुरे असेल तर कप मनगटाने हलवून परत द्यायचा असतो, हे मला शेवटी त्यांच्या पत्नीने हाताने करून दाखवले. आपल्याकडे ताटावर आडवा हात धरतात, त्यासारखेच. नंतर मी खाटेखालची बॅग दाखवली तेव्हा सगळे कुटुंब पोट धरधरून हसले.

एवढ्यात साफसफाईचे प्रमुख डॉमनिक धावत आले. ते वसईचे. कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो सर, ह्या रूममध्ये कोणी झोपलंच नाही असं दिसत होतं हो! बेड टाइट, सामान नाही, किल्ली खाली. वीस वर्षं झाली मला गल्फमध्ये, असा गेस्ट नाय बघितला. मी म्हटलं, चेक-आऊट, खलास. आज सुट्टीची गर्दी, दिली रूम!"

मागोमाग विजय आला. "सर, हॉटेलात बिछाना आपण आवरायचा नसतो," तो कळवळून म्हणाला. त्या कुटुंबाला उठवणे शक्य नव्हते, मलाही ते नको होते, आणि सगळ्या खोल्या भरल्या होत्या.

जिन्यावरून मेस्त्री येत होते. अंगावर भुसा. "त्याच्यात काय एवढा?" ते म्हणाले. "येवा सर, माझ्या खोलयेत. दोन खाटी आसत."

अशा रीतीने मला खाडी दिसणारी खिडकी मिळाली.

खोली क्रमांक २०७

दुसऱ्या दिवशी दुपारी मेस्त्री कारखान्यात गेले नाहीत. त्यांनी दार लावून घेतले आणि खाटेमागून कापडात गुंडाळलेली एक वस्तू काढली. ती हातभर लांबीची, गुळगुळीत केलेली सागवानाची फळी होती. तिच्यावर पेन्सिलीने अक्षरे आखलेली होती, आणि पहिली तीन कोरून झाली होती: "नाराय".

"आशारीन दिल्यान लाकूड," ते म्हणाले. "हत्यारा पण त्येचीच. रोज दुपारी थयच बसान करतंय. तुमका आताच दाखवूचा नाय होता, पण आता एकाच खोलयेत लपवू खय?"

मी कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवले.

"वाचनालय म्हटल्यार तुमचाच नाव येतला, सर. सुताराचा नाव पुस्तकांच्या खोलयेक कोण देतलो? विजू उद्या जेवताना सांगतलो. तेच्याआधी मी ही पाटी तेच्या हातात ठेवतलंय. तोय खूश, तुमीय खूश."

वाचकांनी माझी परिस्थिती नीट समजून घ्यावी. मला फक्त गप्प बसायचे होते. गप्प बसण्याचे मी वचनही दिले होते. मेस्त्रींनी उद्या स्वतःच्या हाताने माझ्या नावाची पाटी विजयपुढे ठेवली असती, तर "सर, हे नाव नव्हे" असे त्यांच्या तोंडावर म्हणण्याचे धैर्य विजयला झाले नसते. तो मोठ्या माणसांचा मान राखणारा मुलगा आहे. वाचनालय माझे झाले असते. कोणी खोटे बोलले नसते.

मेस्त्री तीच तीन अक्षरे आणखी खोल करू लागले. मी खिडकीशी बसलो. खाडीकाठी एक मासेमारीची होडी उलटी करून तिला तेल लावत होते. पटाशीवर लाकडी हातोडीचे हलके ठोके पडत होते आणि प्रत्येक ठोक्याबरोबर माझे नाव थोडे अधिक खोल जात होते. तो आवाज मला अतिशय आवडत होता, हे मी लपवत नाही. अर्धा तास मी तो ऐकला.

मग मेस्त्रींनी फळी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "सर, पुढची आखणी बघा. सगळा बरोबर आसा मा? तुमी बरोबर म्हटलास की कोरतंय."

मी खिशातून पेन काढले होते. हात आपोआप गेला. आयुष्यभर लोकांनी माझ्यापुढे कागद ठेवले आणि मी त्यांवर खूण केली. चूक असलेल्या उत्तरावर बरोबरची खूण मी कधी केलेली नाही. बत्तीसचे पस्तीस केले नाहीत, विजयसाठीही नाही. स्वतःसाठी ते करायचे, तर त्या मुलाचे एक वर्ष कशासाठी घेतले, याचे उत्तर माझ्याजवळ राहिले नसते.

"चूक आहे," मी म्हणालो. "नाव तुमचे आहे. विजयने मला परवाच सांगितले."

मेस्त्रींनी हातातली पटाशी खाली ठेवली. "माझा? येड लागला काय त्या विजूक!"

मी त्यांना कपाटाची, कप्प्याच्या उंचीची आणि घरी नेलेल्या पुस्तकाची गोष्ट सांगितली. बत्तीस गुणांचीही सांगितली. ते खाटेवर बसले. भुसा लागलेल्या हातांनी त्यांनी चष्मा काढला, तो आणखी मळला, आणि त्यांनी तो तसाच पुन्हा घातला.

"तुमका वायट वाटला?" त्यांनी विचारले.

"हो."

"वाटतलाच," मेस्त्री म्हणाले.

त्यांनी माझी समजूत घातली नाही, किंवा नाव बदलून घेऊ असेही म्हटले नाही. त्याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे. थोड्या वेळाने त्यांनी फळी उलटी केली, मागच्या बाजूवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "ही बाजू कोरीच आसा. तुमचो मजकूर खय? वाचा बघूया."

मी चार ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी तिसरी ओळ लांब आहे असे सांगितले. ती खरोखरच लांब होती. मी कापली.

दुसऱ्या दिवशी जेवताना विजयने नाव सांगितले, तेव्हा आश्चर्य वाटल्याचे सोंग मेस्त्रींनी इतके वाईट केले की विजयने लगेच माझ्याकडे पाहिले. मी डाळीत लक्ष घातले.

पाटी मेस्त्रींच्या बॅगेतून गावी आली आणि वाचनालयाच्या दारालगत भिंतीवर बसवली गेली. मेस्त्रींनीच कोरलेला मजकूर चांगला उतरला आहे. पाहुणे थांबून वाचतात. मागची बाजू भिंतीला टेकलेली आहे. तेथे "नाराय" ही अक्षरे आहेत हे मी, मेस्त्री आणि आता आपण, एवढेच जाणतो. गेल्या वर्षी त्या भिंतीला ओल आली. "सर, पाटी काढून दोन दिवस उन्हात ठेवू का?" असे शिपाई विचारत आला.

मी म्हणालो, "ठेव. दोन्ही बाजूंनी वाळव."